दौलत भालेरावचे डोळे

इंदूरच्या सिरपूर तलावाच्या बांधावर बसला की दौलत भालेराव आधी डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने पलीकडच्या काठाकडे बघायचा. पुरतं बघून झालं की उजवा मिटायचा आणि डावा उघडायचा. मग दोन्ही उघडून माझ्याकडे वळायचा आणि म्हणायचा, "हां, पैलवान. आता तू सांग."

सांगायचं म्हणजे पलीकडे काय काय बसलंय ते. बगळा कुठे, लाल टांगांचा कुठे, बाभळीच्या बुडाशी धोबी पाखरू आहे की नाही, आणि असलं तर शेपटी हलवतंय का. माझं आणि त्याचं जुळलं की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. नाही जुळलं तर तो दिवस गेला. मग वाटेत चहासुद्धा नको म्हणायचा.

माघातली गोष्ट. सकाळी तलावावर धुकं असायचं आणि ते उठेपर्यंत आम्ही सायकली बाभळीला टेकवून हात चोळत बसायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं हा माणूस एक डोळा मिटून नेम धरतोय. एकदा तिथल्या चौकीदाराने येऊन काठीने त्याच्या पिशवीला ढोसलं.

"बंदूक किधर है?"

दौलतने पिशवी उघडून पुढे केली. आत बूट पॉलिशची डबी आणि ब्रश. दुसरं काही नाही.

"इससे चिड़िया मारेगा?"

मी म्हणालो, "भिया, याला चिखलात बूट घालून यायचं असतं आणि चिखल लागलेला चालत नाही. रोजचं आहे." चौकीदार आमच्या दोघांकडे बघून निघून गेला. पुढे तो रामराम करायचा, पण जरा लांबूनच.

बुटांची ती सवय महूची, छावणीची. दौलत महूचा. आजोबा पलटणीत, वडील पलटणीत. घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आजोबांचा वर्दीतला फोटो. दौलतनेही भरतीला जायचं ठरलेलं होतं. वडिलांनी बूट आणून ठेवले होते. पण भरतीच्या डॉक्टरने छाती मोजून त्याला बाजूला काढलं. वडिलांनी बूट कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकले, बस. हे त्याने मला एकदाच सांगितलं. पुन्हा मीही विचारलं नाही.

मग तो इंदूरला आला, मिलमध्ये साच्यावर लागला. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. एका छपराखाली शेकडो साचे एकदम चालायचे. मी रुईच्या गोदामात होतो, गठाणी उचलायचो, कुस्ती करायचो म्हणून सगळे पैलवान म्हणायचे. कामानिमित्त साचाखात्यात पाय टाकला की तो आवाज आधी दातात जाणवायचा. तिथे कोणी तोंडाने बोलत नसे. ओठ हलवायचे, बोटं हलवायची. दौलत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बोटांनी गप्पा मारायचा. जॉबर, म्हणजे साच्यांवरचा मुकादम, समोरून चालत यायचा आणि त्याच्या पाठीमागे दौलत त्याच्या चालीवर असं काही सांगायचा की पलीकडच्या रांगेतले पोट धरून हसायचे. जॉबर वळला की सगळे मान खाली घालून धागा जोडतायत.

साचेवाल्यांची ही भाषा मलाही आली, त्याच्या दोस्तीमुळे. बाहेर आल्यावरही ते लोक तसेच. बोलताना तोंडाकडे बघायचे. तोंडाने बोलले तर सगळ्या गल्लीला कळायचं. आमच्या चाळीत साचेवाल्यांच्या घरचं भांडण लपत नसे. त्यात कोणाला वेगळं काही वाटत नव्हतं. हलवाई गोड बोलतो, साचेवाला मोठ्याने बोलतो, असं होतं ते.

दौलतचं एक वाक्य होतं, "दिसतंय तोवर चालतंय." कशावरही म्हणायचा. सायकलच्या घासलेल्या टायरवर, सरकारवर, जावयाच्या नोकरीवर. आणि त्याचा धंदाच तसा होता. साच्यावर हजार धागे ताणलेले असतात. एक तुटला तर तो दिसायला पाहिजे आणि हात तिथे जायला पाहिजे. नाही गेला तर कापडात जाळी पडते.

मिलचे शेवटचे महिने चालले होते तेव्हा त्याच्या कापडात जाळी पडली.

शेवटचे म्हणजे, ते शेवटचे आहेत असं कोणी म्हणत नव्हतं. कधी रुई आली नाही म्हणून अर्धं खातं बंद, कधी वीज तोडली म्हणून पुरती मिल बंद. भोंगा मात्र वाजायचा. लोक डबा घेऊन जायचे, दरवाज्यापाशी बिड्या ओढायचे आणि परत यायचे. शहरातल्या बाकीच्या मिलांचं तेच. कोणी म्हणायचं सरकार घेणार, कोणी म्हणायचं विकणार. रोज एक नवी खबर, आणि दुसऱ्या दिवशी ती खोटी.

अशात जॉबरने दौलतचं कापड उजेडावर धरलं आणि सगळ्यांना दाखवून ओठांनी म्हणाला, "भालेराव, मासे पकडायचं जाळं विणतोस काय?" बाकीचे हसले. दौलतही हसला. घरी जाताना, राजवाड्याच्या चौकात, गर्दीत सायकल हातात धरून त्याने मला बोटांनी सांगितलं. तोंडाने नाही.

धागा तुटलेला मला दिसला नाही, असं.

मी म्हणालो, अंधार असेल, दिवे किती कमी केलेत. त्याने मान हलवली. तिथेच उभा राहून एक डोळा मिटून दुकानांच्या पाट्या वाचायला लागला. पण त्या पाट्या त्याला पाठ होत्या. साड्यांच्या दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर उडालेलं होतं, तेही त्याने वाचलं. मग त्यालाच कळलं की यात अर्थ नाही.

"अशी जागा पाहिजे," तो म्हणाला, "जिथं रोज वेगळं असेल."

असे आम्ही सिरपूरला गेलो. पाखरांचं त्याला काही पडलेलं नव्हतं. पाखरू रोज जागा बदलतं, एवढंच त्याला हवं होतं.

चष्मा लावून घे, डॉक्टरला दाखव, हे मी सांगून बघितलं. त्याने ऐकलं नाही, आणि त्याचं कारण होतं. पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते. एका कारखान्याने मिलच्या जुन्या हुशार माणसांना बोलावणार असं म्हटलं होतं, आणि आमच्या जॉबरनेच, ज्याने जाळी दाखवली त्यानेच, दौलतचं नाव दिलं होतं. होळीच्या आधी बोलावणार होते. जाऊन आलेले लोक सांगायचे, काम वगैरे विचारत नाहीत, आधी डॉक्टर तपासतो. डोळे तपासतो. दौलतच्या डोक्यात एकच, की चष्मा नाकावर आला की बात फैलणार, आणि बात पीथमपूरपर्यंत जाणार.

त्याची धाकटी मुलगी संघमित्रा बी.एड. करत होती. मित्रा म्हणायचे तिला. दोघी मोठ्यांची लग्नं करून दिली होती, ही शिकत होती. मिल गेली तर तिचं शिक्षण थांबणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मामाने महूला एका चुडीच्या दुकानात तिच्यासाठी बोलूनही ठेवलं होतं. वहिनी, म्हणजे मित्राची आई, एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "दुकानात काय वाईट आहे? बसून काम आहे."

दौलतने ताटातला हात थांबवला. "एकदा मला बाजूला काढलं," तो म्हणाला, "आता माझ्या पोरीला नाही."

एवढंच बोलला आणि जेवायला लागला. मित्रा पाणी घेऊन आली, तिने त्याच्या खांद्याला हात लावला, तो वळला, तेव्हा तिने पेला दिला.

तलावावर त्या दिवसांत आम्हाला तिसरा माणूस भेटला. जोगळेकर. महाराष्ट्रातून नवीनच इंदूरला कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसात आलेला, लग्न न झालेला, गळ्यात दुर्बीण. कोकणातल्या बंदराच्या गावचा. त्याचं मराठी ऐकून मला आपलं बोलणं जरा सावरून घ्यावंसं वाटायचं, पण मी काही सावरलं नाही. आम्ही इथले आहोत, त्याने आमचं शिकावं.

पाखरांची नावं त्याने सांगितली. लाल टांग्याला शेकाट्या म्हणतात. चपट्या चोचीचं बदक थापट्या. दौलतने त्याला फावड्या नाव दिलं होतं, आणि पंख पसरून वाळत बसणाऱ्या काळ्या पाणकावळ्याला मॅनेजरसाहेब. जोगळेकरला ती नावं फार आवडली, पुढे तोही तीच वापरायला लागला. भगव्या रंगाच्या मोठ्या बदकांना आम्ही सुरखाब म्हणायचो. तो चक्रवाक म्हणायचा. त्यावर मात्र कोणी हटलं नाही.

त्याने दौलतला दुर्बीण देऊ केली. दौलतने हात मागे घेतला.

"साहेब, याच्यातून तर कोणालाही दिसेल. त्यात माझं काय?"

जोगळेकरला हे कळेना. त्याला वाटलं भालेरावांना नुसत्या डोळ्यांनी बघण्याचा शौक आहे. मोठी गोष्ट आहे म्हणाला. मी काही खुलासा केला नाही.

एकदा तिघे बसलो होतो. जोगळेकर आपल्या गावच्या बंदराचं सांगत होता. थंडी संपायला आली की कुरव नावाची समुद्राची पाखरं परत जायच्या आधी धक्क्यावर जमतात. मासळीच्या होड्या लागल्या की त्यांचा असा गलका, की आई हाक मारायची ती समोर असून ऐकू यायची नाही.

दौलत त्याच्या ओठांकडे बघत होता. तो हसला. "पाण्यावरची पाखरं ओरडतात?"

"म्हणजे काय? हे आत्ता शेकाटे ओरडतायत ना."

"कावळा ओरडतो," दौलत म्हणाला. "कोंबडा ओरडतो. पाण्यावरचं पाखरू गप असतं साहेब. पाण्याची तेवढी इज्जत असते." आणि माझ्याकडे बघून बोटांनी म्हणाला, कोकणातला आहे, फेकतोय.

जोगळेकरने माझ्याकडे बघितलं. शेकाटे समोर किर्र किर्र करत उडत होते. मी म्हणालो, "साचेवाला आहे, साहेब."

पुढे जोगळेकरने बोलताना दौलतसमोर तोंड करून बोलायला सुरुवात केली. चांगला माणूस होता. वर्षाच्या आत त्याची बदली झाली.

आता कोणी विचारेल की तू दौलतला का सांगितलं नाहीस. सांगायचं काय? साचाखात्यातला एक माणूस दाखवा ज्याला नीट ऐकू येत होतं. सगळ्यांना कमी यायचं, म्हणजे कोणालाच कमी नव्हतं. भोंगा ऐकू येतो का, येतो. मग झालं. कान हा काही तपासायचा अवयव आहे हे आमच्या मिलमध्ये कोणाच्या डोक्यातच नव्हतं. हात तपासायचे, छाती तपासायचे, खोकला बघायचे. दौलत डोळ्यांसाठी जीव टाकत होता, मीही त्याच्याबरोबर डोळ्यांचीच चिंता करत होतो.

आणि चिंता वाढत होती, कारण पाखरं कमी व्हायला लागली. ऊन चढलं की तलावाच्या मधल्या पाण्यातली बदकं एक दिवस असायची, दुसऱ्या दिवशी नसायची. पीथमपूरचं बोलावणं येत नव्हतं. "हे गेले तर मी कशावर बघू?" दौलत म्हणायचा. जोगळेकरने सांगितलं, फाल्गुन लागला की बहुतेक जातील. हे ऐकल्यापासून तो रोजच्यापेक्षा लवकर निघायला लागला. धुकं असतानाच येऊन बसायचा, धुकं उठायची वाट बघायचा आणि माझ्यावर चिडायचा, जसं काही ते मी पसरलंय.

एका सकाळी त्याला धोबी दिसला नाही. मला दिसत होता. मी खोटं बोललो असतो, पण त्याने माझा चेहरा बघितला होता. तो उठून बांधावरून पलीकडच्या काठापर्यंत चालत गेला, धोबी उडाला, तेव्हा त्याला दिसला. परत आला आणि म्हणाला, "ऊन तोंडावर होतं." खरंच होतं. पण त्या दिवसानंतर त्याने रात्री चुलीपुढे बसणं बंद केलं, धुराने डोळे जातात म्हणून. गाजरं खायला लागला. मित्राच्या आईला म्हणाला, डोक्याला तेल जास्त घाल.

मग मिल बंद झाली. दरवाज्यावर कागद लागला आणि भोंगा वाजला नाही. ज्या सकाळी तो वाजला नाही त्या सकाळी चाळीतले सगळे लोक आपल्या वेळेला उठले, डबे भरून घेतले आणि दारात येऊन उभे राहिले. दौलत बुटांना ब्रश मारत होता. तो ब्रश मारतच राहिला. शेवटी वहिनींनी येऊन बूट काढून घेतला.

त्याच आठवड्यात पीथमपूरहून बोलावणं आलं.

मी त्याच्याबरोबर गेलो. मला नोकरी मागायची नव्हती. कोणापुढे कपडे काढून तपासून घ्यायला मी बैल नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. पण दोस्त म्हणून गेलो. बसमध्ये तो खिडकीशी बसला, एक डोळा मिटून मैलाचे दगड वाचत.

कारखान्याच्या दवाखान्यात सगळं पांढरं, काचेची दारं. तपासणीला आलेल्यांबरोबरचे लोक बाहेर बाकावर. मला काचेतून आतलं दिसत होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दौलतला भिंतीवरच्या अक्षरांसमोर उभं केलं. तो सावधान उभा राहिला, एक डोळा हाताने झाकला आणि वाचत गेला. सगळ्यात खालची बारीक ओळ वाचली. मग दुसरा डोळा, पुन्हा शेवटपर्यंत. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यातलेही आकडे सांगितले. बाईंनी मान हलवली. दौलतने काचेतून मला बघितलं आणि बोटांनी एकच खूण केली. साचा चालू.

माझ्या छातीवरून गठाण उतरली. मी शेजारच्या माणसाला बिडी दिली.

मग त्याला बाजूच्या छोट्या खोलीत नेलं. तिथेही काच होती. कंपाउंडरने त्याच्या कानांवर दोन गोल घातले, तारा लावल्या, आणि समोर उभा राहून सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. दौलतला ओठ वाचून ते कळलं. तो ताठ बसला, उजवा हात गुडघ्यावर, बोट तयार.

कंपाउंडरने बटण फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. पुन्हा फिरवलं. मीही त्या बोटाकडे बघत होतो. बाकावरचे दोघे-तिघेही बघायला लागले. कंपाउंडर फिरवत होता, लिहीत होता, फिरवत होता. बोट गुडघ्यावरच. पण ते किती तयार होतं ते मला दिसत होतं.

थोड्या वेळाने दौलत अदबीने हसला आणि आपल्या त्या साचाखात्याच्या आवाजात, जो काचेच्या बाहेर सगळ्यांना ऐकू आला, म्हणाला, "भिया, चालू करो ना. मैं तैयार हूँ."

बाकावर कोणीतरी हसलं. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबलं.

दौलत बाहेर आला तो खुशीत. "डोळे एकदम पास. ती दुसरी मशीन त्यांची बिघडलेली आहे. नवी आहे ना, आणतात आणि चालवता येत नाही. परत बोलावतील." तो पाणी प्यायला गेला तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आप इनके साथ हैं? कारखाने में पीछे से गाड़ी आती है. हॉर्न बजेगा तो ये हटेंगे?"

मी म्हणालो, "बाई, याची नजर चारी बाजूला असते. जन्म साच्यात गेलाय."

"वही तो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "पीठ पे आँख नहीं होती, दादा."

परतीच्या बसमध्ये दौलत बोलत होता. मित्राची परीक्षा होईल, मग तिला महूच्या शाळेत बघू, शाळेत पोरं दंगा करतात पण ती धाकात ठेवेल. अख्ख्या बसला ऐकू जात होतं. मी हां हां करत राहिलो.

मग तो पोस्टमनची वाट बघायला लागला. पोस्टमन गल्लीत शिरला की दौलत दारात. मामा दोनदा येऊन गेला, चुडीवाला किती दिवस थांबणार म्हणून. होळीची लाकडं चौकात जमायला लागली. मित्रा पुस्तक घेऊन बसायची आणि पान उलटत नसे.

अशा एका सकाळी तो मला म्हणाला, चल, सिरपूरला जाऊन येऊ. आता डोळे बघायची गरज नव्हती. घरात बसवत नव्हतं, म्हणून.

तलाव रिकामा झालेला. फक्त सुरखाब होते, सगळ्या तलावावरचे एका जागी जमलेले, निघायच्या बेतात. आणि ते ओरडत होते. घसा फोडून, एकाने सुरू केलं की सगळे, असा नाद की बांधावरच्या म्हशी मान वर करून बघत होत्या.

दौलत बघत होता. दोन्ही डोळे उघडे.

"पैलवान, यांच्या चोची बघ. उघडतात, मिटतात. सगळेच. जांभया देतायत काय?"

मी म्हणालो, "ओरडतायत."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

"आत्ता?"

"आत्ता."

"जोरात?"

"चौकीपर्यंत जात असेल."

त्याने तलावाकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. मग म्हणाला, "म्हणजे त्यांची मशीन चांगली होती."

मग त्याने विचारलं, आणि या वेळी इतक्या हळू, की दौलत भालेराव असंही बोलू शकतो हे मला नवीन होतं.

"मित्रा मला हाक मारते का रे घरात?"

"आधी मारायची. आता खांद्याला हात लावते."

"मला वाटलं लाडाने लावते."

"लाडानेच लावते," मी म्हणालो.

त्याने दोन्ही डोळे मिटले. असे दोन्ही मिटलेले त्याचे डोळे तिथे मी कधी बघितले नव्हते. मान जराशी वाकडी करून तो बसला. सुरखाब ओरडत होते. त्याच्या कपाळावर आठी पडली, गेली, पुन्हा पडली. मग एकदम सगळे पाण्यावरून उठले आणि आमच्या डोक्यावरून उत्तरेकडे गेले. त्यांची सावली तोंडावरून सरकली तेव्हा त्याने डोळे उघडले.

"गेले?"

"गेले."

"चल."

त्यानंतरचं सगळं त्याने एकट्याने केलं. मला सांगितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो महूला गेला आणि सगळ्या बाजारातून फिरला. खडी फोडायच्या मशीनवर विचारलं, लाकूड कापायच्या आरा मशीनवर विचारलं, आणि शेवटी एका पिठाच्या चक्कीवर जाऊन उभा राहिला. कान कुठे लागत नाहीत ते त्याने शोधून काढलं होतं. चक्कीवाल्याला असाच माणूस हवा होता, कारण आधीचे सगळे आवाजाने कंटाळून पळत होते. होळी व्हायच्या आत दौलत आणि वहिनी चाळ सोडून महूला गेले. मित्रा परीक्षेपर्यंत इंदूरला मैत्रिणीकडे राहिली. चुडीच्या दुकानात मामाने आपल्याच मुलीला बसवलं.

मला राग आला होता. साच्यावरचा एक नंबरचा माणूस, आणि बायकांचे डबे भरणार. तसं मी बोललोही. तो म्हणाला, "तू गठाणी उचलत होतास तेव्हा मी काही बोललो?"

काही वर्षांनी एका लग्नासाठी महूला गेलो तेव्हा सकाळीच चक्कीवर गेलो. पट्टा फिरत होता, जमीन हलत होती. दौलत पापण्यांपर्यंत पांढरा झाला होता. मला बघून तो हसला तेव्हा चेहऱ्यावरच्या पिठाला तडे गेले. चक्की चालू ठेवूनच तो बोटांनी बोलला. वहिनी बऱ्या आहेत. कान होता तेवढाही गेला. आणि बाजारात आता पाकिटातलं पीठ आलंय, मोठ्या कंपनीचं, नव्या कॉलनीतल्या बाया तेच घेतात. मालक म्हणतो बघू किती दिवस चालतं. हे सांगताना त्याचे डोळे सारखे दाराकडे जात होते. मला वाटलं गिऱ्हाइकाची वाट बघतोय.

गिऱ्हाईक तर उभंच होतं. एक बाई गव्हाचा डबा पुढे करून थांबली होती. दौलतने पट्टा काढला. चक्की गरगरत मंदावली. हात झटकत तो दारात जाऊन उभा राहिला.

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने मित्रा चालली होती. कडक इस्त्रीची सुती साडी, काखेत वह्यांचा गठ्ठा, शाळेची वेळ झालेली. तिने इकडे बघितलं नाही. ती घाईत होती. चारसहा पोरी तिच्या मागेपुढे पळत होत्या आणि बाई, बाई म्हणत होत्या. चर्चच्या वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत दौलत तसाच उभा राहिला, सावधान उभा राहतात तसा. ती गेल्यावरही राहिला.

"भैया, मेरे गेहूँ," बाई म्हणाली.

चक्की आता पुरती थांबली होती. बाईने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. दौलतची पाठ होती तिच्याकडे.